मुक्त आणि फुकट

श्रोतेहो, आमच्या नाशिकचा आणि नकलेचा उभा दावा आहे. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. तेथल्याच दुसऱ्या छापखान्यात मुद्रांक आणि पारपत्रे तयार होतात. या छापखान्यांचे बरेचसे कौशल्य एकाच गोष्टीला वाहिलेले असते: येथून बाहेर पडलेल्या वस्तूची नक्कल दुसऱ्या कोणाला करता येऊ नये. अशा गावात सारा जन्म काढलेल्या मनुष्याच्या हाती कोणी एखादी वस्तू ठेवली आणि सांगितले, की 'हिच्या हव्या तितक्या नकला करा, शेजाऱ्यांना वाटा, उघडून पाहा, आतले काही पटले नाही तर बदला,' तर त्याच्या मनात पहिली शंका कोणती येईल? हीच, की वस्तू बहुधा टाकाऊ असावी. माझ्याही मनात तीच आली. ती कशी फिटली, आणि फिटता फिटता माझ्याकडे कोणते देणे लागले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

ती वस्तू म्हणजे संगणकाची एक कार्यप्रणाली. रोजच्या बोलण्यात आपण तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. पूर्वी मोठ्या वाड्यात कारभारी असे. दारावर आलेला निरोप कोणाकडे पोचवायचा, दप्तर कोणत्या कपाटात ठेवायचे, पाहुण्याला कोणती खोली द्यायची, हे सारे तो पाही. संगणकात हेच काम कार्यप्रणाली करते. तिच्यावाचून यंत्र म्हणजे रिकामा वाडा. फरक इतकाच, की पुष्कळ घरांतला कारभारी आपली वही धन्यालाही दाखवीत नाही. आणि मी ज्याची हकीकत सांगणार आहे, त्याची वही साऱ्या जगाला खुली असते.

ही खुली वही एका रात्रीत लिहिली गेली नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू नावाचा संकल्प जाहीर केला. वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक हवी, असे त्यांचे म्हणणे: वापरण्याची, आतली रचना अभ्यासण्याची, नकला वाटण्याची आणि सुधारणा करून त्या सुधारणाही वाटण्याची. या मोकळिकीचे रक्षण करणारा परवाना १९८९ मध्ये तयार झाला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण अशा प्रणालीचा गाभा हौसेखातर लिहीत असल्याचे जाहीर केले आणि पुढल्या वर्षी तो गाभा याच परवान्याखाली आणला. या दोन प्रयत्नांचा संगम म्हणजे आजचे लिनक्स. १९९३ मध्ये डेबियन नावाचे त्याचे एक रूप सुरू झाले. ते आजही स्वयंसेवकच सांभाळतात.

इंग्रजीत या साऱ्याला जो शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर खुलासा करीत राहावे लागले. मराठीला तो त्रास नाही. आपल्याकडे 'मुक्त' निराळे आणि 'फुकट' निराळे. नाशिककराला तर हा भेद शिकवण्याचीही गरज नाही. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आमच्या गावी आहे. तेथे फी पडत नाही किंवा अभ्यास करावा लागत नाही, असा 'मुक्त' या शब्दाचा अर्थ कोणी करीत नाही. दार उघडे आहे, आत चालत मात्र आपणच जायचे, इतकाच त्याचा अर्थ. असे असूनही मी घोटाळा केला. मी मुक्त वस्तू घ्यायला गेलो तो ती फुकट आहे असे समजून.

निमित्त घडले ते माझ्या जुन्या संगणकाचे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही अटींवर वर्षभराची मुदत मिळाली, एवढेच. नवी आवृत्ती चालण्यास यंत्रात जी सामग्री लागते, ती जुन्या यंत्रांत नसते. माझे यंत्रही त्यांतलेच. ते भंगारात घालावे, असा सल्ला मला मिळाला. परंतु त्या यंत्रात माझ्या आईच्या आठवणी होत्या. तिने अखेरच्या दोन वर्षांत त्या सांगितल्या आणि मी टंकलिखित केल्या. सुमारे १६० पाने. आई गेली, आणि ती पाने तेवढी राहिली.

शेजारची मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "काका, यंत्र टाकू नका. रविवारी आमच्याकडे घेऊन या." गंगापूर रस्त्यावरच्या एका घरी दर रविवारी पाचसात माणसे जमतात. एक बँकेतले गृहस्थ, एक प्राध्यापिका, सातपूरच्या कारखान्यातला एक फिटर आणि दोघेतिघे विद्यार्थी. संस्था नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. लिनक्स वापरणाऱ्यांची अशी मंडळे मुंबई-पुण्याकडे पुष्कळ वर्षांपासून आहेत. इंटरनेट दुर्मीळ होते त्या १९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची तबकडी वाटली होती. ती एक तबकडी हातोहाती फिरून किती यंत्रांत गेली असेल, याची गणती नाही. नकलेला बंदी नसली म्हणजे वस्तू अशी पसरते.

पहिल्या रविवारी त्यांनी एका पेन ड्राइव्हवरून डेबियन चालवून दाखविले. यंत्रातल्या डिस्कला हात न लावता प्रणाली अशी पारखून पाहता येते. भाषांच्या यादीत मराठी होती. पडद्यावर आपली भाषा पाहून मला इतका उत्साह आला, की मी लगेच कायमच्या स्थापनेला सुरुवात केली. संपूर्ण डिस्क वापरावी काय, असा प्रश्न आला. मी 'होय' म्हणणार, तोच बँकेतल्या गृहस्थांनी माझा हात धरला. "आईंच्या आठवणींची नक्कल कुठे आहे?" त्यांनी विचारले. नक्कल कोठेच नव्हती. त्या एका कळीसरशी १६० पाने पुसली गेली असती.

त्या रविवारी माझ्या यंत्रावर काहीही बसविले गेले नाही. दोन ठिकाणी नकला तेवढ्या काढल्या, आणि त्या उघडतात की नाही हे पडताळून मी घरी आलो. नकलेविषयीचा माझा नाशिककरी तिटकारा त्या दिवशी संपला.

पुढल्या रविवारी स्थापना झाली, आणि मग खरे शिक्षण सुरू झाले. या मंडळींचा एक दंडक होता: शिकणाऱ्याचा कळफलक कोणी आपल्या हाती घ्यायचा नाही. मी चुकत असे, अडखळत असे. शेजारी बसलेला मनुष्य पाहत असे, पण हात मांडीवरच ठेवी. मी चिडून म्हणत असे, "अहो, तुम्हीच करून टाका ना!" त्यावर फिटर म्हणे, "साहेब, मी केलं तर मलाच येईल. ते तर मला येतंच आहे."

दुसरा धडा प्रश्न विचारण्याचा. आठवड्यात काही अडले की मी दूरध्वनी करून सांगे, "चालत नाही हो." पलीकडून शांतपणे विचारणा होई: काय चालत नाही? त्याआधी आपण काय केलेत? पडद्यावर काय उमटले? ते जसेच्या तसे वाचा. वैद्याकडे जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हणणाऱ्या रोग्यासारखी माझी अवस्था होती. पुढे पुढे मी हे तिन्ही मुद्दे आधी कागदावर लिहू लागलो. आणि नवल असे, की लिहिता लिहिता निम्म्या प्रश्नांची उत्तरे माझी मलाच सापडू लागली. प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका यंत्रातच असते आणि 'मॅन' एवढे तीन अक्षरी इंग्रजी नाव टंकून ती वाचता येते, हेही मला तेव्हाच कळले.

परंतु मोठी अडचण पुढेच होती. आईच्या आठवणींची फाइल उघडली, तो पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा! पूर्वीचे मराठी फाँट देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या जागी बसवीत. तो विशिष्ट फाँट असेल तोवर मजकूर मराठी दिसे. तो नसला की सारे निरर्थक. १९९१ पासून युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला स्वतःची जागा आहे. तीत लिहिलेला मजकूर कोणत्याही नव्या यंत्रावर वाचता येतो. माझी १६० पाने मात्र जुन्या कुलपात अडकली होती.

शेजारच्या मुलीने दोन संध्याकाळी बसून एक लहानसा कार्यक्रम लिहिला. जुन्या प्रत्येक चिन्हासमोर युनिकोडचे अक्षर मांडलेला एक तक्ता, आणि त्याप्रमाणे अदलाबदल करणाऱ्या काही ओळी. पसाऱ्यातून आईची वाक्ये एकेक वर येऊ लागली. मी वाचू लागलो. एके ठिकाणी आईने आपल्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगितली आहे. चौदा पंक्ती उठल्या, पण दिवसभर चुलीपुढे खपलेल्या आचाऱ्यांना 'जेवा' असे कोणी म्हटले नाही, हे तिला जन्मभर खटकत राहिले होते. पडद्यावर मात्र उमटले होते, 'आचार्यांना जेवा असे कोणी म्हटले नाही.' स्वयंपाकी जाऊन तेथे विद्वान येऊन बसले होते!

मी हसलो. मुलीला हसण्याचे कारण कळेना. तिचे सारे शिक्षण इंग्रजीतून झालेले. "काका, दोन्ही शब्द सारखेच नाहीत का?" तिने विचारले. मग मी कागदावर तिला दोन्ही लिहून दाखविले. 'आचार्य' यातला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'आचाऱ्यांना' यातला र आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. जुन्या फाँटमध्ये या आडव्या र चे चिन्ह निराळे होते. तिने तक्त्यात त्याच्यासमोर साधा र मांडला होता. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ लागतो, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो. तिने तक्त्यातली एक ओळ बदलली. क्षणार्धात साऱ्या १६० पानांतले आचारी, शेतकरी आणि कैऱ्या आपापल्या जागी परत आल्या.

श्रोतेहो, माझ्या दृष्टीने या हकीकतीचा गाभा येथे आहे. तोवर मी समजत होतो, की ही मंडळी देणारी आणि मी घेणारा. परंतु कार्यक्रम लिहिणारीला जे दिसू शकत नव्हते, ते कार्यक्रमातले ओ की ठो न कळणाऱ्या मला दिसले. आणि वही खुली असल्यामुळे माझे दिसणे वाया गेले नाही. वही बंद असती, तर मी पानापानावर हाताने दुरुस्ती करीत बसलो असतो आणि माझ्यानंतर येणाऱ्याला तीच चूक पुन्हा भेटली असती. येथे एकदा सुधारलेले सर्वांसाठी सुधारले.

आपल्या जिल्ह्याला ही रीत परकी नाही. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धतीने शेती भिजत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. पाणी एकाच्या मालकीचे नसे; पाटकरी ठरल्या क्रमाने ते सोडी. आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ काढण्याचे काम ज्यांची शेते भिजत त्यांचेच असे. पाणी साऱ्यांचे होते, पण ते फुकट नव्हते; त्याची किंमत फावड्यानेही चुकवायची असे. मुक्त प्रणालीचेही तसेच आहे. पैसा न देता ती मिळते. तिचा गाळ मात्र आपणच काढायचा. कोणी कार्यक्रम लिहून काढतो, कोणी भाषांतर करून, कोणी एवढेच सांगून, की 'येथे आचाऱ्याचा आचार्य झाला आहे.'

या प्रणालीत काही उणे नाही, असे मी म्हणणार नाही. काही छपाईयंत्रे तिच्याशी जुळवून घेण्यास त्रास देतात; हिशेबाचे काही प्रचलित कार्यक्रम तिच्यावर सरळ चालत नाहीत. ज्यांचा व्यवसाय अशा एखाद्या कार्यक्रमावर अवलंबून आहे, त्यांनी आधी पेन ड्राइव्हवरून पारख करावी आणि मगच पाऊल उचलावे. परंतु लेखन, वाचन, पत्रव्यवहार, हिशेबाचे साधे तक्ते, मुलांचा अभ्यास, एवढी घरगुती गरज ती उत्तम भागविते. केरळातल्या सरकारी शाळांनी लक्षावधी मुलांना याच प्रणालीवर संगणक शिकविला आहे.

गेल्या महिन्यात पंचवटीतल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या रविवारच्या बैठकीस आल्या. त्यांच्या वडिलांच्या कीर्तनांची टिपणे अशाच जुन्या फाँटमध्ये अडकली होती. बँकेतल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. मी बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पहिला प्रश्न विचारला, "नक्कल काढली आहे का?" नक्कल निघाली, आमचाच कार्यक्रम चालला, कीर्तने दिसू लागली. मध्ये एके ठिकाणी अडल्यावर त्या कळफलक माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच करून टाका ना!"

मी हात मांडीवरच ठेवले.