हौसेचा हंगाम

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवृत्तीनंतर काय चाललंय ते पाच मिनिटांत सांगा, असा मला निरोप आहे. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बोलत आलेल्या बाईला पाच मिनिटं कशी पुरणार? तरी प्रयत्न करते. तास लांबला तर घंटा तुम्हीच द्या.

आपल्या बीड जिल्ह्यात 'हंगाम' म्हटलं की दुसरा अर्थ विचारावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली माणसं भांडीकुंडी, लेकरंबाळं गाडीत घालून कारखान्याला जातात आणि पाडव्याच्या पुढेमागे परत येतात. घर सोडायचं ते पोटासाठी, हौसेसाठी नाही. हौसेनं घर सोडायचा हंगाम माझ्या वाट्याला यंदा आला, साठाव्या वर्षी. त्याचीच गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. त्यानंतर मी घरात बसले ती बसलेच. 'आता काय राहिलंय आपलं' असं लोक म्हणायच्या आधी मीच म्हणायला लागले. मुलगा-सून लंडनला असतात. दोन वर्षं ती दोघं बोलवत होती, मी टाळत होते. खरं कारण सांगू? एकटी बाई हौसेनं फिरते म्हणून कोणी बोललं तर, ही भीती होती. शेवटी नातीनं फोनवर विचारलं, "आजी, तुला कुणाची सुट्टी काढावी लागते?" उत्तर सुचेना. मग पासपोर्ट काढला आणि जूनमध्ये निघाले.

तिथं जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो. पहिले चार दिवस जेवायची वेळच कळत नव्हती! पाचव्या दिवशी सून म्हणाली, "आई, पोहायला जाऊ." हॅम्पस्टेड हीथ नावाचं मोठं माळरान आहे, त्यात फक्त बायकांसाठी राखलेलं एक तळं आहे. झाडांच्या गर्दीत, उघड्यावर. मी म्हटलं, मी काठावर बसेन. काठावर बसले आणि माझ्याहून वयानं मोठ्या बाया बिनदिक्कत पाण्यात उतरताना पाहिल्या.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. मी पाठीला भोपळा बांधून आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले होते. भावांच्या आधी मुटका मारायची. बारावं लागलं आणि आईनं विहीर बंद केली. कारण विचारायची पद्धत नव्हती. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं मी पाण्यात पाय सोडून बसण्यापलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी सुनेनं माझ्यासाठी अंगभर कपडे आणलेच होते. शिडीवरून उतरले. पाणी असं गार की श्वास अडकला, आणि क्षणभर वाटलं, फसलो. पण हातपाय आपले आपण हलायला लागले. अंग विसरलेलं नव्हतं! शेजारून एक बदक गेलं. मी पाण्यातच रडले. रडलेलं कळतही नाही पाण्यात, हा एक फायदा.

त्याच भागात, थोडं पुढं, किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि ते शिक्षण पुरं केलं. हा धडा मी वर्गात कितीदा शिकवला असेन. त्या दारात उभी राहिले तेव्हा मात्र मला आपल्याच वर्गातली एक मुलगी आठवली. अर्धवट सोडून गेलेली, आणि परत न आलेली.

मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकावर माझ्याशेजारी बसायची ती. दिवाळीनंतर बाकावरची तिची जागा रिकामी व्हायची. मला तिचा हेवा वाटायचा, कारण ती कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत जाऊन यायची आणि मी तालुक्याबाहेर गेले नव्हते. आठवीत ती गेली ती कायमची.

ऑगस्टमध्ये परत आले आणि तिचा पत्ता शोधला. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. परळीला निजामाच्या काळापासून आगगाडी, आणि बीड शहराला आपल्या साठीत! दसऱ्यानंतर मी तिला घेऊन त्या गाडीत बसले. यंदा पावसानं शेतांची दैना केली, खिडकीतून ती दिसत होती. राजुरी, रायमोह मागे पडलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लै मुलूख पाह्यला गं म्या. पर समदा फडातून. या दिसांत उचल आलेली असायची घरात. आज पह्यल्यांदा नुसतं बघायसाठी बसलेय." आष्टीला आम्ही चहा घेतला. पैसे तिनं दिले, मला देऊ दिले नाहीत.

लंडनचं तळं आणि ही डेमू गाडी, यंदाच्या माझ्या हंगामातले हे दोन मोठे अनुभव. एकीला विमान लागलं, दुसरीला चाळीस-पन्नास वर्षं थांबावं लागलं. आनंद मात्र सारखाच होता.

आता एक विनंती. ती आज इथं आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. पण निमंत्रितांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी आपण दहावीच्या हजेरीपटावरून केली. ती करणाऱ्यांत मीही होते, तेव्हा दोष माझाही आहे. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या पटावरून करू या. हंगामानं वर्गातून उचलून नेलेले आपले सगळे सोबती शोधू या. आणि त्यांना घेऊन एक दिवस सगळे मिळून त्या गाडीत बसू या. तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे लागली.

तेवढ्यात घंटा झालीच आहे. बसते.