टूलरूम वगळून ज्ञाननगरी होत नाही

  

अधिवेशनाच्या अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पोलादाचे भाव, अडकलेली बिलं, वीजदर हे सगळं चिटणीसांच्या अहवालात आहे आणि तो तुमच्या हातात आहे. माझा वेळ मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. ती बोलायला मला आजवर व्यासपीठ मिळालं नव्हतं.

पुणं आता ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे निघालं आहे, असं आपण हल्ली रोज ऐकतो. त्यासोबत एक गोष्टही सांगितली जाते. आधी हे विद्येचं आणि पेन्शनरांचं गाव होतं, मग कारखाने आले, आता कारखान्यांचे दिवस सरले आणि हिंजवडी-खराडीच्या इमारतींतून ज्ञानाचं युग सुरू झालं. या गोष्टीला माझा कडाडून विरोध आहे. ती खोटी आहे, आणि तिच्यावर विसंबून शहराचे आराखडे होत असल्यामुळे ती घातकही आहे.

1854 साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तोच पुढे आपलं इंजिनिअरिंग कॉलेज झाला. त्या वर्गाच्या नावातच 'मेकॅनिकल स्कूल' होतं. 1950 मध्ये पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली आणि 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. पेनिसिलिन बनवणाऱ्या त्या सरकारी कारखान्याच्याच संशोधन विभागात हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं. सुमंत मुळगावकरांनी 1966 मध्ये टेल्कोचा पुण्याचा कारखाना काढला, तेव्हा इथून गाडी बाहेर पडायला बराच अवकाश होता. आधी उभे राहिले ते मशीन टूलचे आणि डायचे विभाग, आणि पोरांना शिकवणारा प्रशिक्षण विभाग. गाडी बनवायची तर ती बनवणारं हत्यार आपल्याला बनवता आलं पाहिजे, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पुढे इंडिकाच्या वेळी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून इथे आणला आणि पुन्हा उभा केला. ते काम कोणी केलं? या पट्ट्यातल्या फिटरांनी आणि इंजिनिअरांनी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून.

नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांची महादुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. इतक्या मोठ्या तबकड्या परवडल्या कशा? घन पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी, आणि ती ताणून धरायला पोलादी दोरांची चौकट. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि खर्च उतरला. ही खगोलशास्त्रज्ञाची बुद्धी खरी, पण दोर किती ताणायचा हे ज्याच्या मनगटाला कळतं त्याच्याशिवाय ती कागदावरच राहिली असती.

आता सकाळच्या सत्रांकडे येतो. पहिल्या सत्रात वाद झाला की सिम्युलेशन आणि एआय आल्यावर टूलमेकर लागेल का. दोन्ही बाजू मी ऐकल्या. माझं उत्तर माझ्या शेडमधलं आहे.

एका ब्रॅकेटचा टूल आम्ही बनवला. पत्रा कमीत कमी वाया जावा म्हणून सॉफ्टवेअरने ब्लँक, म्हणजे कापायचा तुकडा, पट्टीवर फिरवून बसवला होता. हिशोब बिनचूक होता, बचतही चांगली दिसत होती. ट्राय-आऊटला पहिले काही पीस ठीक निघाले, मग वाकवलेल्या कडेवर बारीक चिरा दिसू लागल्या. डिझाइनच्या मुलांनी त्रिज्या वाढवली, क्लिअरन्स तपासला, मालाचं सर्टिफिकेट पाहिलं. चिरा जाईनात. आमचे फोरमन आले. त्यांनी पत्रा उजेडाकडे तिरका धरला, अंगठा फिरवला आणि विचारलं, "रोलिंगची दिशा कुठली?" पत्रा रोलिंग मिलमधून येतो तेव्हा त्यात त्या दिशेच्या रेषा उतरतात. वाकवण्याची रेघ त्यांना समांतर आली की कड चिरते, आडवी आली की धरते. सॉफ्टवेअरला पत्र्याची जाडी दिली होती, दिशा कोणी दिलीच नव्हती. ब्लँक फिरवला, पत्रा थोडा जास्त गेला, चिरा थांबल्या.

हे पुस्तकात नाही असं मी म्हणत नाही. पुस्तकात आहे. पण योग्य क्षणी आठवणं, अंगठ्याने ओळखणं आणि टूलमध्ये बदल करून दाखवणं यालाही मी ज्ञानच म्हणतो. तो प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलापर्यंत पोचला तर पुढचं सॉफ्टवेअर शहाणं होईल. तो मुलगा हिंजवडीत बसतो, फोरमन भोसरीत. दोघांची कधी गाठच पडत नाही. टूलमेकर लागेल का, असं विचारणाऱ्यांना मी विचारतो, त्याच्याशिवाय तुमच्या यंत्राला शिकवणार कोण?

दुसऱ्या सत्रात औद्योगिक वसाहती शहराबाहेर हलवण्याचा मुद्दा निघाला. जागेचे भाव, रहिवाशांच्या तक्रारी, सगळं मान्य. पण भोसरीत संध्याकाळी पंच तुटला तर काय होतं ते ऐका. गल्लीच्या तोंडावरच्या व्यापाऱ्याकडून डी-टू पोलादाचा तुकडा येतो, शेजारच्या शेडमध्ये रफ होतो, हीट ट्रीटमेंटवाला रात्रीच्या भट्टीत घालतो, पहाटे वायरकटवर चढतो, ग्राइंडिंग होऊन बसवला जातो, आणि गिऱ्हाईकाची लाइन थांबत नाही. हे जमतं ते सगळे हाकेच्या अंतरावर आहेत म्हणून. कोण कशात वाकबगार, कोणाची भट्टी कुठल्या मालाला बरी, हे या गल्ल्यांना तोंडपाठ आहे. चार जणांना चार तालुक्यांत पाठवलंत की प्रत्येकाचं मशीन जाईल, हे जाळं जाणार नाही. मुंबईने हे केलं. 1982 च्या संपानंतर गिरणगावात गिरण्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसं आली. जमिनीला सोन्याचा भाव आला. साचे चालवणारे, सूत हाताला लावून दोष सांगणारे जॉबर देशोधडीला लागले, आणि त्यांच्याजवळ जे होतं ते विचारायलाही कोणी गेलं नाही. त्या मार्गाने पुण्याने जाऊ नये.

तिसरा वाद पदवीचा. आयटीआयवाल्याला डिग्रीवाल्याच्या बरोबरीने कसं मोजायचं? जर्मनीने मोजलं आहे. त्यांच्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत मास्टर कारागीर आणि बॅचलर पदवीधर एकाच पातळीवर, सहाव्या, आहेत. ज्या देशाच्या कंपन्या आपल्या चाकणमध्ये आहेत त्याच देशाची ही गोष्ट.

आपल्याकडे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. शहराच्या आर्थिक भवितव्यावर एक बैठक होती. मला बोलावणं होतं, मी फोरमनना बरोबर नेलं. दारात यादी होती आणि यादीत नावापुढे शैक्षणिक अर्हतेचा रकाना. त्यांचा आयटीआयचा ट्रेड ऐकून यादी तपासणाऱ्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की आतल्या जागा तज्ज्ञांसाठी आहेत. ते काही बोलले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसले. आत दिवसभर नवनिर्मितीवर सादरीकरणं झाली आणि पत्र्याला हात लावलेला माणूस त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हता. आता ते निवृत्त झाले आहेत. त्यांचा मुलगा आयटीत आहे, गुणी आहे, त्याचं मला कौतुक आहे. पण टूलच्या तोंडाला निळं लावून, ठसा पाहून, कुठे किती खरवडायचं हे सांगणारी त्यांची नजर घेऊन कोणी पुढे गेलं नाही. माझ्या शेडमध्ये आज उत्तम मशीनं आहेत आणि ती जागा रिकामी आहे. याचं दुःख मला रोज होतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. ज्ञान लॅपटॉपवर असतं तसं ते व्हाइसमध्ये धरलेल्या जॉबवरही असतं, आणि नवी गोष्ट जन्मते ती या दोन जागा एकमेकींशी बोलतात तिथे. सी-डॅकने 1991 मध्ये परम महासंगणक दिला तो याच शहरातून. ते पुणं आणि भोसरीचं पुणं वेगळं आहे, असं जो कोणी म्हणेल त्याच्याशी मी भांडायला तयार आहे.

करायचं काय, याचा थोडासा विचार मांडतो. ट्राय-आऊटच्या नोंदी आपण ठेवतच नाही. बिघाड काय, दुरुस्ती काय, कोणी सुचवली, हे मराठीत लिहून ठेवायची पद्धत प्रत्येक शेडने सुरू करावी आणि त्या एकत्र करण्याची काही सोय संघटनेने पाहावी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनी काही महिने टूलरूममध्ये फिटरच्या हाताखाली काढावेत, आणि त्याचे गुण फिटरने द्यावेत, यासाठी महाविद्यालयांशी बोलणं सुरू करू. निवृत्त कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. त्याचे पैसे कुठून आणायचे ते कार्यकारिणी ठरवेल.

एक ठराव मात्र मी आजच मांडणार आहे. शहराच्या उद्योगविषयक कोणत्याही समितीत, सल्लागार मंडळात किंवा आराखड्याच्या बैठकीत आपल्या संघटनेच्या प्रतिनिधीबरोबर शॉप फ्लोअरवर काम केलेला किमान एक कारागीर बसेल, आणि त्याला बाहेर ठेवलं तर आपला प्रतिनिधीही त्या बैठकीला जाणार नाही. मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो पहिला घ्यावा, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहून बोलावं.