भाषेत मागे पडणारी मुले

काही मुलांना ऐकू नीट येते, स्वमग्नता नसते, बौद्धिक अपंगत्व नसते, घरही बोलके असते. तरी त्यांची भाषा वयाच्या मानाने फार मागे राहते. या अवस्थेला विकासात्मक भाषादोष म्हणतात. ब्रिटन आणि अमेरिकेतील पाहण्यांत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत तो आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले सहज असू शकतात.

‘घोडाला’, ‘मी पोळी खाल्ला’ असे तीन वर्षांचे मूल म्हणते, यात वावगे काही नाही. मराठीतली सामान्यरूपे, तीन लिंगे आणि भूतकाळात कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद अंगवळणी पडायला वेळ लागतोच. सहा-सात वर्षांचे मूल सर्रास असे बोलत असेल, गोष्ट सांगताना शब्दांसाठी अडत असेल, तर तपासणी हवी. आकलनाची अडचण याहून छुपी असते. ‘दप्तर ठेव, हात धू आणि ताईला हाक मार’ यातले एकच काम मूल करते आणि त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का फार अन्यायाचा आहे.

मुंबईत घाटकोपर-मुलुंडकडे किंवा अंधेरी-बोरिवलीत घरी मराठी वा गुजराती, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी, हे नित्याचेच. त्यामुळे मूल अडखळले की दोष अनेक भाषांवर येतो आणि घरची भाषा सोडण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. अनेक भाषांमुळे हा दोष उद्भवत नाही. तो असेल तर मुलाच्या सगळ्याच भाषांत दिसतो. जे मूल घरच्या भाषेत वयानुरूप बोलते आणि फक्त इंग्रजीत मागे आहे, त्याला इंग्रजीचा सराव हवा, उपचार नव्हे. म्हणून तपासणी घरच्या भाषेतही व्हायला हवी.

या दोषात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईची नोकरी हे त्याचे कारण नव्हे.

दोन वर्षांचे मूल ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर आधी श्रवणचाचणी करावी, मग स्पीच थेरपिस्टकडे जावे. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे बरोबरीला येतात, पण त्या आशेवर चाचणी लांबवू नये. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा-श्रवणाच्या क्षेत्रात काम करते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत विकासात्मक अफेजियाचाही, म्हणजे अशाच भाषादोषाचा, उल्लेख आहे. पालकांनी शाळेला अडचण मोकळेपणाने सांगावी आणि मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोलत राहावे.