परमुलखातली पथारी



चालकांनी आम्हांस विषय दिला तो 'आशियातील प्रवास आणि मुक्काम' हा. पगारवाढीवर दोन तास बोलणाऱ्या माणसास प्रवासावर बोलावयास सांगणे हे धाडसच होय. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि आमची शाळाही सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभेत. परंतु युनियनच्या कामानिमित्त आशियात थोडेबहुत हिंडणे झाले, आणि रात्र झाली की पाठ टेकावयास जागा ही लागतेच. कोणत्या जागा आवडल्या आणि कां, एवढेच सांगतो.

सराई ही आशियाची जुनी देणगी. इराणच्या वाळवंटी वाटांवर दिवसाच्या मजलेवर सराया असत. मध्ये चौक, भोवती खोल्या, जनावरांना गोठे आणि रात्री बंद होणारा एकच दरवाजा. अशा ५४ सराया २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पण नांदती सराई पाहावयाची तर अमृतसरला जावे. सुवर्णमंदिरालगतच्या सराईत जात-धर्म न विचारता जागा मिळते, लंगरात पंगतीला बसून जेवण मिळते. ज्याच्या हातात काल मोटारीचे चाक होते, तो आज तुमचे ताट घाशीत असतो. सेवा हा मजुरीला पर्याय आहे असे आम्ही मानत नाही. पण ताट घासण्यात कमीपणा नाही, हे तिथे व्याख्यानावाचून कळते.

आता आमच्या मनातली जागा. टोकियोत सान्या नावाची वस्ती आहे. तिथे तीन चटयांच्या, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटरच्या खोलीत आम्ही चार रात्री काढल्या. जपानीत उतारशाळेला 'यादो' म्हणतात. मजुरांनी ती अक्षरे उलटी करून असल्या जागांना 'दोया' म्हटले. सरळ नाव घेण्याची त्यांची लायकी नाही, हा त्यातला टोमणा!

१९६४ च्या ऑलिंपिकसाठी टोकियोत रस्ते आणि क्रीडागारे उभी राहिली. त्यांवर राबणारे रोजंदारी मजूर इथे राहत. पहाटे ठेकेदाराचा माणूस येई, धडधाकट गडी निवडून नेई, उरलेले उपाशी. १९६६ साली सान्या हे नावच अधिकृत नकाशावरून काढून टाकले गेले. नाव गेले, माणसे राहिली. पुढे १९९० नंतर मंदी आली, मजूर म्हातारे झाले. त्यांतले पुष्कळ आज सरकारी साहाय्यावर जगतात. रिकाम्या पडलेल्या खोल्या मालकांनी परदेशी प्रवाशांना द्यावयास आरंभ केला. आम्ही त्यांतलेच एक.

सामाईक न्हाणीघरात आमच्या शेजारी एक सत्तरी उलटलेला गृहस्थ बसला होता. त्याच्या गुडघ्यावर लांबलचक व्रण होता. आम्ही पाहतो आहोत हे ध्यानी येताच त्याने हात उंच केला, परांची दाखवावी तसा, आणि झर्रकन खाली आणला. भाषा लागली नाही.

त्या रात्री वडिलांची खोली आठवली. लालबागच्या चाळीत गावाच्या एका खोलीत वीस-वीस गडी राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्याच जागेवर आडवा होई. ट्रंक भिंतीला, वळकटी खुंटीला. तीच ही खोली, फक्त चटई जपानी. स्वस्त म्हणून आम्ही तिथे उतरलो होतो, आणि दुसरे घर नाही म्हणून तो तिथे राहत होता. आमच्यासारखे वाढत गेले तर त्याने जावे कुठे, हा प्रश्न भाडे देताना आमच्या मनात होता आणि आजही आहे.

दुसरा एक मुक्काम सांगतो. शहराचे नाव घेत नाही. कामगार-हक्कांच्या परिषदेसाठी आम्हांस एका बड्या हॉटेलात उतरविले होते. दिवसा आम्ही कामाच्या तासांवर जोरदार भाषण केले. मध्यरात्री पाण्यासाठी खाली गेलो, तो जिन्याखाली पुठ्ठे अंथरून तीन पोरे निजलेली. संध्याकाळी त्यांनीच आमची गादी झटकली होती. मऊ गादीवर आम्हांस झोप लागेना.

हॉटेल-कामगारांसाठी १९९१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. वाजवी तास असावेत, विश्रांती मिळावी, बक्षिसीवर न विसंबता मूळ पगार नियमित मिळावा, नोकऱ्यांची खरेदी-विक्री बंद व्हावी, असे त्यात आहे. आपल्या देशाने अद्याप त्यावर मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही. ती उमटावी म्हणून आम्ही अर्ज करीतच राहू.

आपणांपैकी पुष्कळजण या सुटीत बाहेर पडाल. जरूर पडा, माणूस हिंडल्यावाचून शहाणा होत नाही. मात्र जिथे उतराल तिथे खोली, पंखा, गरम पाणी यांची चौकशी झाल्यावर अंथरूण घालणाऱ्या पोरालाही एक विचारा: "बाळ, तू रात्री कुठे निजतोस?" तो हसून आपली खाट दाखवील, ती जागा चांगली समजा. तो मान खाली घालील, तर परतल्यावर आम्हांस कळवा. पुढचे काम आमचे.