सावडताना हाती येते ते

आजचा विषय कळल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "वसंत व्याख्यानमालेत सरण? सुट्टीत मुलं घरी असतात हो!" मुलांनाही हे ठाऊक असावं असं मला वाटतं, म्हणून आलो.

म्हैसुरात नव्यानं आलेल्या मराठी माणसाला 'रुद्रभूमी' ही पाटी पाहून आधी देऊळच वाटतं. ते स्मशान. आणि तिथं सगळेच हिंदू जाळले जात नाहीत. शेजारचे लिंगायत आजोबा गेले तर त्यांना बसवून पुरतात. आपल्याकडेही संन्याशाला आणि तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, ते आपण सोयीनं विसरतो.

देह जाळणं हे मोठं कष्टाचं काम आहे. माणसात निम्म्याहून अधिक पाणी. ते उडाल्याशिवाय देह पेट घेत नाही. उघड्या सरणाची बरीचशी धग वाऱ्यावर जाते, म्हणून तीन-चारशे किलो लाकूड लागतं. सरण रचणाऱ्याचं कसब खाली हवा खेळती ठेवण्यात आणि छातीवर, मांड्यांवर जाड ओंडके दाबून बसवण्यात. आचेनं स्नायू आखडतात, हात दुमडतात, कधी धडही हलतं. भुताखेतांच्या अर्ध्या गोष्टी इथूनच निघाल्या असाव्यात! विद्युतदाहिनीत आतल्या विटाच तापलेल्या असतात, आठशे ते हजार अंशांपर्यंत. धग कोंडलेली राहते, म्हणून तास-दीड तासात काम होतं. छातीत पेसमेकर असेल तर तेवढं आधी सांगा. त्याची बॅटरी आत फुटते.

ज्याला आपण राख म्हणतो, ती बहुतेक हाडंच. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट जळून जात नाही. युरोपात ती दळून पूड करून देतात. आपण तुकडे हातानं सावडतो. मला आपली रीत बरी वाटते. का, ते पुढे येईल.

घरापासून दूर मरण आलं तर? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, आणि ख्रिस्ती मुलखात प्रेत जाळायची चालच नव्हती. तरी परवानगी मिळाली. बरोबरच्या मंडळींनी त्या परक्या गावातही संगम हुडकला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा, आणि रात्री तिथं चिता पेटवली. मला कौतुक वाटतं ते या हुडकण्याचं. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. जवळचा पूल आजही 'हिंदी माणसाचा पूल' म्हणूनच ओळखला जातो. इटलीतच, मिलानला प्रेतं जाळायची दाहिनी सुरू झाली ती १८७६ मध्ये, म्हणजे या चितेनंतर पाच वर्षं उलटून गेल्यावर.

आपल्या म्हैसूरचे चामराजेंद्र वाडियारही असेच दूर गेले: २८ डिसेंबर १८९४, कलकत्ता, घटसर्प, वय एकतीस. चामुंडी टेकडीच्या पायथ्याची माती त्यांना लाभली नाही. कालीघाटाजवळ अग्नी दिला.

आमचे अण्णा मात्र इथंच गेले. दाहिनीचं दार लागलं, आणि आम्ही दोघे भाऊ बाहेर कट्ट्यावर बसलो. दीड तासानं तिथल्या माणसानं लोखंडी ट्रे पुढं ओढला. पांढरे, चुऱ्यासारखे तुकडे, अजून गरम. तो फावड्यानं सारखे करत होता, तेवढ्यात काहीतरी खणखणलं. घोटा मोडल्यावर अण्णांना बसवलेली स्टीलची पट्टी आणि चार स्क्रू. काळवंडलेले, पण जसेच्या तसे. त्यानं ते चिमट्यात धरून वर केलं आणि विचारलं, "इदु बेका?" हे हवंय का?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दळून पूड दिली असती तर हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नसता.

मग श्रीरंगपट्टणजवळ पश्चिमवाहिनीला गेलो, कावेरी जिथं पश्चिमेकडे वळते तिथं. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी तिथंही विसर्जित झाल्या होत्या. आम्ही मडकं सोडलं. गुरुजी म्हणाले, धातू पाण्यात टाकू नका. परतीच्या वाटेवर गाडी खड्ड्यांतून जाताना भावाच्या सदऱ्याच्या खिशात ते स्क्रू खुळखुळत होते.