घास अडकतो तेव्हा

भाकरीचा घास छातीत अडकू लागला की माणूस वर घोटभर पाणी पितो. काही दिवसांनी भाकरी ताकात कुस्करतो. पुढे नुसत्या पेजेवर येतो. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" पण हे चालू देऊ नये. अन्ननलिका अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची सुमारे २५ सेंटिमीटरांची नळी. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, किंवा कुणी चुकून ॲसिड वा कॉस्टिक सोडा प्याले, तर ती आतून भाजते. जखम भरताना व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते. हा कर्करोग नव्हे. पण कर्करोगानेही वाट अशीच अडते. म्हणून डॉक्टर दुर्बीण घालून पाहतात आणि लहानसा तुकडा काढून तपासतात.

पहिला उपाय वाट रुंदावण्याचा. लवचिक नळ्यांनी किंवा फुग्याने ती हळूहळू, काही खेपांत ताणतात. घाई केली तर नळी फाटण्याचा धोका. पुष्कळांचे काम एवढ्यावर आणि आम्ल कमी करणाऱ्या औषधांवर भागते.

काहींची वाट मात्र पुनःपुन्हा आकसते. त्यांच्यासाठी स्टेंटचा विचार होतो. ही जाळीची नळी मिटून आत नेतात. जागेवर ती आपोआप उघडते. तिच्यावर पातळ आवरण असते, नाहीतर मांस जाळीत वाढून ती रुतून बसेल. स्लॅबखाली सेंटरिंग लावतात ना, आणि स्लॅब पक्का झाला की काढतात? तसेच हे. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, फार तर ३ महिन्यांनी, तो काढावाच लागतो. जेवण जाऊ लागले म्हणून तारीख चुकवू नका. स्टेंट जागचा सरकतो, छातीत दुखते, काढल्यावर वाट पुन्हा आकसूही शकते. म्हणूनच डॉक्टर तो सर्वांना घालत नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे घरोघर सांगा: पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवू नये. मूल चुकून प्यालेच, तर त्याला ओकायला लावू नका, मीठपाणी किंवा लिंबू पाजू नका. तोंड पाण्याने खळखळून धुवा आणि बाटलीसकट तडक दवाखाना गाठा.