एक लाइन, सगळं ऑफिस

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची लहान लहान ऑफिसं आहेत. महिन्याची 20 तारीख, दरमहा जीएसटीआर-3बी हे विवरणपत्र भरणाऱ्यांचा शेवटचा दिवस. नेमकी तेव्हाच ओरड: "नेट गेलं!"

गेलेलं नसतं. कोणी व्यापाऱ्याला नव्या डिझाइनचे फोटो पाठवतंय, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढतंय. अपलोड तुंबलं की मॉडेमपाशी रांग लागते आणि जीएसटी पोर्टलला पाठवलेली चिमुकली विनंतीही तिथंच ताटकळते.

लगेच महागडा प्लॅन घेऊ नका. कोणी नेट वापरत नसताना लाइनचा वेग मोजा. राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' शोधून अपलोड, डाउनलोड दोन्हींची मर्यादा त्या वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर ठेवा. आता रांग राउटरच्या ताब्यात येते. हिशेबाच्या कॉम्प्युटरला तो पुढे सोडू शकतो. पाहुण्यांना वेगळं गेस्ट वायफाय द्या, त्यालाही मर्यादा घाला.

आणि हो, 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 40 एमबी नव्हे, फार तर 5. आठ बिट्सचा एक बाइट होतो!

एवढं करूनही अडलंच, तर वायफायचा पासवर्ड बदला. तो शेजारच्या ऑफिसलाही पाठ असू शकतो.